कामगाराचे मन आणि धंद्याची बरकत

पनवेलच्या बाजारपेठेत कोणत्याही दुकानावर दहा मिनिटे बसले की एक तक्रार हमखास कानावर येते. "पोरगा शिकवला, मशीनवर हात बसला आणि निघून गेला." शिलाईवाला हेच सांगतो, फर्निचरवाला हेच सांगतो, उरण नाक्याकडचा गॅरेजवालाही हेच सांगतो. तळोज्याच्या कारखान्यात दोन पैसे जास्त मिळतात, मॉलमध्ये थंड हवेत उभे राहायला मिळते, म्हणून पोरे जातात असे मालकांचे म्हणणे. पैशाचे कारण खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण त्याच बाजारात असेही एखादे दुकान दिसते, जिथे पगार इतरांइतकाच आहे आणि कारागीर मात्र पंधरा-वीस वर्षांपासून तोच आहे. हे कसे घडते?

याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न गेली पंचवीस-सत्तावीस वर्षे मानसशास्त्राची एक शाखा करीत आहे. तिला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. नाव ऐकून आमच्या व्यापारी बांधवांना वाटेल की हे मोठ्या कंपन्यांचे आणि महागड्या शाळांचे चोचले आहेत. थोडेफार तसे झालेही आहे. पण या शास्त्रातून जे तपासून सिद्ध झाले आहे, ते पाच माणसांच्या कारखान्यात जितक्या सहज अमलात येते तितके पाच हजार माणसांच्या कंपनीत येत नाही. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे.

हे शास्त्र काय म्हणते

१९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी एक साधा प्रश्न मांडला. मानसशास्त्राने माणूस आजारी का पडतो याचा अभ्यास केला, पण माणूस चांगला जगतो तो कशामुळे, याकडे फारसे लक्ष दिले नाही. वैद्य केवळ ताप उतरवतो, की अंगात ताकद कशाने येते हेही पाहतो? या प्रश्नातून पुढचे संशोधन सुरू झाले.

२०११ मध्ये सेलिग्मन यांनी चांगल्या जगण्याचे पाच भाग सांगितले. पहिला भाग आनंदाच्या भावना. दुसरा, कामातील तल्लीनता. तिसरा, माणसामाणसांतील चांगली नाती. चौथा, आपल्या कामाला काही अर्थ आहे ही जाणीव. आणि पाचवा, काहीतरी साध्य केल्याचे समाधान. या पाचांपैकी हसतमुख राहणे हा फक्त एकाचा अंश आहे. "नेहमी आनंदी राहा" असा उपदेश म्हणजे हे शास्त्र, असा जो समज पसरला आहे तो चुकीचा आहे.

यातील दुसरा भाग, तल्लीनता, आमच्या कारागीर बांधवांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. जरदोजीची सुई चालू असताना, रंधा मारताना किंवा वेल्डिंगचा सांधा जुळत असताना तास कसा गेला ते कळत नाही, हा अनुभव त्यांच्या रोजचा आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय या संशोधकाने आयुष्यभर याच अवस्थेचा अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की ही अवस्था येण्यासाठी तीन गोष्टी लागतात. काय करायचे ते स्पष्ट हवे. बरोबर चालले की चुकले ते लगेच कळायला हवे. आणि काम हाताच्या कसबापेक्षा किंचितच अवघड हवे. फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती बसते.

जुन्या उस्तादांची शिकवण्याची रीत पाहा. पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. जुन्या गॅझेटियरांत तशी नोंद आहे. अशा कामात शागिर्दाला पायरीपायरीने वर नेले तरच हात तयार होतो. आज आपण काय करतो? काही कारखान्यांत मुलाला दीड-दोन वर्षे झाडू आणि चहा यापलीकडे काही देत नाहीत. काही ठिकाणी घाईच्या दिवसांत चौथ्या दिवशीच नवरीच्या लेहंग्याचे कापड त्याच्या हाती देतात. पहिल्या ठिकाणी मुलगा कंटाळून जातो, दुसऱ्या ठिकाणी घाबरून जातो. दोन्हीकडे मालक म्हणतो, आजकालच्या पोरांना मेहनत नको.

शाळांचा अनुभव

आमच्या वाचकांपैकी बरेच जण पालक आहेत आणि काही जण शाळांच्या समित्यांवरही आहेत. कारखान्यात येणारा मुलगा शाळेतूनच येतो. त्यामुळे शाळांचा अनुभव आधी पाहू.

ऑस्ट्रेलियातील जिलाँग ग्रामर या निवासी शाळेने २००८ मध्ये सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बोलावून आधी शिक्षकांना हे शास्त्र शिकवले आणि मग ते सगळ्या शाळेच्या कारभारात आणले. आपल्याकडे दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांत नर्सरीपासून आठवीपर्यंत 'हॅपिनेस' या नावाचा तास सुरू केला. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम जाहीर केला.

पण असा तास ठेवला म्हणजे मुले सुखी होतात का? येथे दोन मोठ्या तपासण्यांचे निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर चित्त एकाग्र करण्याच्या धड्यांचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निकाल आला. हे धडे घेतलेली मुले, नेहमीचे शिक्षण घेतलेल्या मुलांपेक्षा अधिक चांगल्या स्थितीत नव्हती.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला आहे आणि तो करणारी 'संगत' ही संस्था आपल्या शेजारच्या गोव्याची आहे. तिने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा कार्यक्रम तपासून पाहिला. काही शाळांत हा कार्यक्रम खास नेमलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या एका स्थानिक व्यक्तीने चालवला. काही शाळांत तोच कार्यक्रम तिथल्याच शिक्षकांवर सोपवला. या कार्यक्रमात केवळ धडे नव्हते. तक्रारपेटी होती, भित्तिपत्रक होते, शाळेचे वातावरण सुधारण्यासाठी समिती होती आणि अडचणीतल्या मुलाचे एकट्याचे ऐकून घेण्याची सोय होती. २०१८ मध्ये निकाल छापून आला. खास व्यक्ती नेमलेल्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांतील उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. पुढच्या वर्षीही हा फरक टिकला. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत मात्र असा फायदा दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक वाईट होते असा नाही. ज्याच्या डोक्यावर आधीच दहा कामे आहेत त्याच्यावर अकरावे टाकले की ते कागदावरच राहते. मुलांना फायदा झाला तो ऐकणारा माणूस आणि बदललेले वातावरण यांमुळे. आमच्या शाळांच्या समित्यांनी यातून एवढे तरी घ्यावे. एका दिवसाच्या भाषणासाठी मोठ्या वक्त्याला बोलावण्यापेक्षा, आठवड्यातून दोन दिवस मुलांचे ऐकणारा एक समंजस, शिकवून तयार केलेला माणूस शाळेत असणे जास्त उपयोगी आहे.

कामाच्या जागेचा अनुभव

कारखाने आणि कचेऱ्यांतही हेच चित्र आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ कंपन्यांतील ४६ हजारांहून अधिक कामगारांची माहिती तपासून निष्कर्ष छापले. कंपन्या कामगारांना तणाव कमी करण्याची शिबिरे, मनाच्या व्यायामाचे मोबाईल अॅप, झोपेचे धडे असे बरेच काही देतात. ज्यांनी हे घेतले ते, न घेतलेल्या सहकाऱ्यांपेक्षा सुखी नव्हते. एकच अपवाद ठळकपणे दिसला. ज्यांना दुसऱ्यांसाठी सेवेचे काम करण्याची संधी मिळाली होती त्यांची स्थिती थोडी बरी होती.

आमच्या मते, या तपासणीतून मालकांनी घ्यायचा बोध सरळ आहे. कामाची घडी तशीच ठेवून कामगाराच्या मनाला मलमपट्टी केली तर उपयोग होत नाही. पगार पंधरा तारखेपर्यंत लांबवायचा, गिऱ्हाइकासमोर अपमान करायचा आणि वर "टेन्शन घेऊ नकोस" म्हणायचे, याला कोणतेही शास्त्र साथ देत नाही. घाम वाळण्यापूर्वी मजुरी हातात द्यावी ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नव्या संशोधनाची पहिली पायरीही तीच आहे.

दुसरी पायरी चुकांविषयी आहे. हार्वर्डच्या एमी एडमन्सन यांनी रुग्णालयातील वॉर्डांचा अभ्यास केला. चांगल्या वॉर्डांत औषधे देताना चुका कमी होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. शोध घेतल्यावर कळले की तिथे माणसे चूक लपवत नव्हती, सांगत होती. इतर ठिकाणी भीतीपोटी चुका दाबल्या जात होत्या.

हे वाचताना आम्हाला आमचेच दिवस आठवले. काही वर्षे आम्ही एका फर्निचरच्या कारखान्यात संध्याकाळी हिशेब लिहायला जात असू. एकदा एका मुलाने प्लायचा तुकडा चार इंच तोकडा कापला आणि भीतीने तो खाली ढकलून वर सनमायकाचे तुकडे ठेवले. मुख्य कारागिराला पलंग जोडायच्या वेळी कळले. दुसऱ्या दिवशी लग्न होते. नवीन प्लाय आणायला रात्री दुकान उघडायला लावले, पॉलिश ओलेच राहिले आणि गिऱ्हाईक कायमचे तुटले. मुलाचा आठवड्याचा पगार कापला गेला. पुढच्या महिन्यात त्याने काम सोडले. चार इंचाच्या चुकीची खरी किंमत प्लायच्या एका फळीइतकी होती. ती पहिल्याच दिवशी सांगितली असती तर तेवढ्यावरच भागले असते. त्यानंतर त्या मालकांनी एक नियम केला. चूक त्याच दिवशी सांगितली तर पैसे कापायचे नाहीत, लपवली तर मात्र हिशेब होईल. वर्षअखेरीस वाया गेलेल्या मालाचा आकडा आम्हीच वहीत लिहिला होता. तो आधीच्या वर्षापेक्षा कमी होता.

तिसरी पायरी कामाच्या अर्थाची आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या मुलांवर अॅडम ग्रँट यांनी प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये छापले गेले. काही मुलांची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवली. महिन्याभरानंतर या मुलांनी जमवलेली रक्कम दुपटीहून अधिक झाली होती. पगार तोच, फोन तोच. आपल्या कामाने कोणाचे काय झाले, एवढेच त्यांना दिसले होते. आमच्या कारखान्यांत काज-बटण करणाऱ्या मुलाला तो सदरा कोणी घातला हे कधी कळत नाही. गिऱ्हाइकाने कौतुक केले तर ते गल्ल्यावरच थांबते, आत मशीनपर्यंत जात नाही.

आपल्या तालुक्यातील एक उदाहरण

कामाला अर्थ आणि कामगाराला मान, ही कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. पनवेल तालुक्यात मुंबई-गोवा रस्त्यावर तारा या गावी युसूफ मेहेरअली सेंटर उभे आहे. युसूफ मेहेरअली हे व्यापारी घराण्यातले. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला आणि १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतीसाठी डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केंद्र उभारले. आरोग्यसेवा, शाळा आणि तेलघाणी, साबण, कुंभारकाम यांसारखे ग्रामोद्योग एकाच ध्येयाने चालवण्याचा हा प्रयत्न आहे. तेथे कोणी सकारात्मक मानसशास्त्राचे नाव घेऊन सुरुवात केली नाही. सेलिग्मन यांचे पाच भाग तेव्हा लिहिलेही गेले नव्हते. पण गावातल्या माणसाला गावातच हाताला काम मिळावे आणि त्या कामाला मान असावा, हा विचार त्याच वाटेवरचा आहे. आमच्या कारागीर बांधवांनी एकदा ते केंद्र जरूर पाहावे.

दुकानात काय करता येईल

पाच-दहा माणसांच्या दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी आम्हाला पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. यांपैकी एकीलाही मोठा खर्च नाही.

१) पगाराची तारीख ठरवा आणि ती पाळा. उचल दिली असेल तर ती वहीत दोघांसमोर लिहा.

२) कौतुक नेमके करा. "शाब्बास" म्हणण्यापेक्षा "तू कॉलर आज सरळ बसवलीस" असे सांगा. त्यातून मुलाला आपले काय बरोबर आहे हे कळते.

३) चूक त्याच दिवशी सांगणाऱ्याला दंड करू नका. रागवायचे असेल तर गिऱ्हाइकासमोर रागवू नका.

४) शिकाऊ मुलाला दर दोन-तीन महिन्यांनी एक पायरी वर न्या. आज झाडू, मग इस्त्री, मग सरळ शिलाई. पुढची पायरी कोणती आणि केव्हा, हे त्याला आधीच माहीत असावे.

५) गिऱ्हाइकाचे कौतुक आतपर्यंत पोचवा. ज्या घरात पलंग गेला तेथून फोटो आला तर तो ज्याने पॉलिश केले त्याला दाखवा.

६) महिन्यातून एकदा अर्धा तास दुकान थांबवून कारागिरांना विचारा की कामात कुठे अडते. त्यांनी सांगितलेल्यांपैकी एक तरी गोष्ट त्या महिन्यात बदला. ऐकून काहीच केले नाही तर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

७) शेवटची गोष्ट मालकाने स्वतःसाठी करायची आहे. २००५ मध्ये सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी एक सोपा प्रयोग छापला. रोज रात्री दिवसातील तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे आठवडाभर लिहायचे. ज्यांनी असे केले त्यांची उदासी कमी झाली आणि हा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. आपण रात्री गल्ला मोजून उधारी लिहितो, बुडीत लिहितो, राहिलेली देणी लिहितो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी जमेच्याही लिहून पाहाव्यात.

मर्यादा ओळखा

हे शास्त्र म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. कर्जाचा बोजा, घरातला मृत्यू, पोटाला न पुरणारी मजुरी, यांवर तीन ओळी लिहिणे हा उपाय नाही. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कामावर यावेसे वाटत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर तो आळस किंवा नजर लागणे समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक दुकानाच्या भिंतीवर, बिलबुकाशेजारी लिहून ठेवावा. कोणाला केव्हा लागेल सांगता येत नाही.

तसेच, "तुमच्या कामगारांना आनंदी करून देतो" म्हणून मोठी फी मागणारे प्रशिक्षक आता आपल्याकडेही फिरू लागले आहेत. त्यांना आधी विचारावे की कामाच्या व्यवस्थेत तुम्ही काय बदल सुचवाल. उत्तरात फक्त भाषण, टाळ्या आणि प्रमाणपत्र असेल तर ते पैसे कामगारांच्या पंख्यावर, पाण्याच्या फिल्टरवर किंवा बसायच्या चांगल्या स्टुलावर खर्च करावेत.

मोठ्या कंपनीत मालकाला कामगाराचे नाव माहीत नसते. आपल्या दुकानात मालक आणि कारागीर एकाच डब्यातले जेवतात, ईदला एकमेकांच्या घरी जातात. ही आपली मोठी पुंजी आहे आणि ती आपण वापरत नाही. वरील सातांपैकी सगळे एकदम करणे कोणालाही जमणार नाही. येत्या एक तारखेपासून त्यांतील एक निवडावे आणि तीन महिने नेमाने पाळावे. किती खाडे झाले, किती माल वाया गेला आणि कोण सोडून गेला, याची नोंद ठेवावी. ज्या वाचकांनी असा प्रयोग केला त्यांनी आपला अनुभव, चांगला असो वा वाईट, आम्हाला अवश्य कळवावा.